परदेशात निवडणूक निरीक्षक म्हणून जायचंय? अर्जापासून परतीपर्यंत, क्रमाने

शाळेत शिकवत असताना वीसेक वर्षं इलेक्शन ड्यूटी केली. निवृत्तीनंतर आंतरराष्ट्रीय मोहिमांवर अल्पकालीन निरीक्षक, म्हणजे मतदानाच्या आसपासचे थोडेच दिवस जाणारा निरीक्षक, म्हणून जायला लागलो. तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले लोक विचारत असतात, ‘मलाही जायचंय, काय करू?’ त्यांतले बरेच जण ठरलेल्या तीन-चार ठिकाणीच अडकतात. कुणी भलत्याच संस्थेकडे अर्ज करतं, कुणी सरकारी परवानगी न घेता तिकीट काढून बसतं, आणि जे तिथपर्यंत पोचतात त्यांतले काही जण केंद्रात उभं राहून सूचना द्यायला लागतात. खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने लिहिलंय. क्रम मोडू नका.

१. आधी ‘निरीक्षक’ या शब्दाचा अर्थ बदलून घ्या

आपल्याकडे निवडणूक निरीक्षक म्हणजे आयोगाने पाठवलेला वरिष्ठ अधिकारी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २०-ब प्रमाणे केंद्र बळकावण्यासारखे प्रकार झाले तर तो मोजणी थांबवायला सांगू शकतो. तो आला की केंद्राध्यक्ष उभा राहतो. आपल्या डोक्यात हेच चित्र पक्कं बसलेलं असतं.

परदेशातल्या निरीक्षकाला असा एकही अधिकार नसतो. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत, आंतरराष्ट्रीय निरीक्षणाची तत्त्वं आणि निरीक्षकांची आचारसंहिता जाहीर झाली. ही तत्त्वं मानणाऱ्या मोहिमेवर जाताना त्या आचारसंहितेचं पालन करीन असं लिहून द्यावं लागतं. तिचा गाभा एवढाच : बघा, विचारा, नोंदवा. थांबवू नका, दुरुस्त करू नका, सल्ला देऊ नका.

वाचायला हे सोपं वाटतं. माझ्या पहिल्या मोहिमेत काय झालं ते सांगतो. रात्रीची मोजणी, शाळेची खोली, वीज गेलेली, टेबलावर बॅटरीवरचा एक दिवा. केंद्राध्यक्ष तरुण मुलगी होती. एका मतपत्रिकेवरची खूण दोन चौकटींच्या रेघेवर पडली होती. तिने ती दिव्याजवळ धरली, माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. वीस वर्षांची सवय. माझा हात ती मतपत्रिका घ्यायला पुढे गेला. माझ्यासोबत नेमलेल्या दुसऱ्या निरीक्षक बाईंनी माझं मनगट धरलं आणि दुभाषाला शांतपणे म्हणाल्या, ‘त्यांना सांग, निर्णय त्यांचाच आहे, आम्ही फक्त बघतोय.’ मी ते मत वैध म्हटलं असतं, तर त्या केंद्राचा निकाल परदेशी माणसाने ठरवला असं कुणीही म्हणू शकलं असतं, आणि ते खरंच झालं असतं.

तपासा : ‘डोळ्यांसमोर चूक होताना मी गप्प राहू शकेन का?’ या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेल, तर स्थानिक मतदार-जागृतीचं काम करा. तेही तितकंच मोलाचं आहे. या कामाला मात्र जाऊ नका.

२. तुमच्या पासपोर्टला कोणतं दार उघडं आहे ते बघा

सगळ्यात जास्त अर्ज वाया जातात ते इथे. अनुभव चांगला असतो, पण नागरिकत्वच बसत नाही.

युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना वॉर्सातल्या आपल्या कार्यालयामार्फत मोठ्या मोहिमा काढते. तिचे निरीक्षक प्रामुख्याने सदस्य देश पाठवतात. सदस्य ५७ आहेत, त्यांत भारत नाही. युरोपीय संघाच्या मोहिमांची यादी मुख्यतः संघातल्या देशांच्या नागरिकांसाठी असते. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात घ्यावं, तिथे नुसता राहण्याचा परवाना चालत नाही, नागरिकत्वच लागतं. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्यांनी ‘कॅनडेम’ या संस्थेच्या यादीत नाव नोंदवावं.

भारतीय पासपोर्टवर सगळ्यात सरळ रस्ता ‘ॲन्फ्रेल’चा. बँकॉकमधली ही आशियाई संघटना १९९७ पासून आशियातल्या निवडणुकांवर आशियातलेच निरीक्षक पाठवते. मोहीम ठरली की ती अर्ज मागवते. दुसरा रस्ता अटलांटाच्या कार्टर सेंटरचा. तिथे वेगवेगळ्या देशांचे लोक घेतात, पण स्पर्धा जास्त, आणि दीर्घकालीन निरीक्षकाला आधीचा परदेशी अनुभव असेल तर बरं. राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटात महासचिवांच्या निमंत्रणावरूनच जाता येतं, त्यामुळे तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. भारताचा निवडणूक आयोग परदेशी पाठवतो ते त्याचे स्वतःचे अधिकारी. आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातली निवडणुकीची कामं ही यजमान देशाच्या आयोगाला मदत करण्याची असतात. उत्तम कामं आहेत, पण ते निरीक्षण नव्हे.

सावधान : ‘निरीक्षक म्हणून पाठवतो, नोंदणी फी भरा’ असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. वर नावं घेतलेल्या संस्था अर्जासाठी पैसे मागत नाहीत. उलट बाजूही माहीत असू द्या. अल्पकालीन निरीक्षकाला सहसा पगार नसतो. प्रवास, मुक्काम, विमा आणि रोजचा भत्ता मिळतो. कमाईचा हिशेब मांडून जाऊ नका.

३. परवानगी : तिकिटाच्या आधी, आणि तिची सुरुवात अर्जाच्याही आधी

नोकरीत असाल तर हा टप्पा दोनदा वाचा.

परकीय योगदान विनियमन कायदा २०१० च्या कलम ६ नुसार आमदार-खासदार, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणातल्या संस्थांचे कर्मचारी यांना परदेशात परकीय पाहुणचार घ्यायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. परदेशी संस्थेने काढलेलं तिकीट, दिलेली हॉटेलची खोली, जेवण हे सगळं पाहुणचारातच मोडतं. अर्ज ‘एफसी-२’ या नमुन्यात, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, ऑनलाइन. प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी तो पोचायला हवा, आणि सोबत आपल्या कार्यालयाची संमती लागते. खरा वेळ खातं ते हेच संमतीचं पत्र. फाइल टेबलावरून टेबलावर जाते आणि मोहिमेची तारीख कुणासाठी थांबत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. मोहिमेची जाहिरात दिसली की त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा. निवड झाल्याचं पत्र आलं की रजा, ना-हरकत आणि एफसी-२ एकदमच हलवा. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या मंडळींनी ‘आपल्याला लागू नाही’ असं स्वतःच ठरवू नये, कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावं.

पक्षाचं पद असेल, किंवा यजमान देशातल्या एखाद्या पक्षाशी व्यवसायाचं नातं असेल, तर ते अर्जात स्वतःहून लिहा. मागाहून उघडं पडलं तर नाव कायमचं कटतं, आणि मोहिमेची जी शोभा होते ती वेगळीच.

४. अर्ज : काय केलं ते आकड्यांत लिहा

‘निवडणूक प्रक्रियेचा दीर्घ अनुभव’ हे वाक्य निवड करणाऱ्याला काहीही सांगत नाही. किती निवडणुका, कोणत्या पदावर, मतदानात की मोजणीत, केंद्रावर साधारण किती मतदार, ग्रामीण की शहरी, हे लिहा. मतदान अधिकारी क्रमांक १, २, ३ ही आपली भाषा झाली. परदेशी माणसासाठी कामाचं वर्णन करा : ‘मतदार यादीत नाव शोधून ओळख पटवणे’, ‘बोटाला शाई लावणे’. अवघड जागी राहिल्याचा अनुभव असेल तर तोही घाला. मेळघाटातलं किंवा गडचिरोलीतलं केंद्र केलं असेल तर ती जमेची बाजू आहे.

इंग्रजी लिहिता-बोलता यायलाच हवं. फ्रेंच येत असेल तर आफ्रिकेतल्या बऱ्याच मोहिमांचं दार उघडतं. मुंबई-पुण्यात आलियाँस फ्राँसेझचे वर्ग आहेत. दोन वर्षं मन लावून केलीत तर उपयोग होईल.

वॉर्साच्या त्याच कार्यालयाचा अल्पकालीन निरीक्षकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे आणि कुठल्याही देशाच्या माणसाला करता येतो. संयुक्त राष्ट्रांचा ‘बीसेफ’ हा सुरक्षेचा अभ्यासक्रमही मोफत आहे. दोन्ही पुरे करा, मगच अर्ज पाठवा.

५. निघण्याआधीचे पंधरा-वीस दिवस

लस आधी. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. ते नसेल तर भारतात परत येताना विलगीकरणात बसवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर टोचून घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच, केंद्रात उभं राहून ताडून बघा.

व्हिसा मोहिमेच्या पत्रावर काढा. ‘पर्यटक म्हणून जातो, तिथे बघू’ हा विचार अजिबात नको. त्या एका कारणाने पूर्ण मोहिमेवर बोट ठेवता येतं.

मग अभ्यास. त्या देशाचा निवडणूक कायदा आणि मतदान कर्मचाऱ्यांची हस्तपुस्तिका इंग्रजीत मिळवा आणि हातात पेन घेऊन वाचा. आपल्या सवयी इथेच दगा देतात. श्रीलंकेत अध्यक्षीय निवडणुकीत मतदार १, २, ३ असे पसंतीक्रम लिहू शकतो, आणि नुसती फुली मारली तरी मत वैध असतं. २०२४ मध्ये पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत आणि त्या देशाच्या इतिहासात पहिल्यांदा पुढच्या पसंतीची मतं मोजावी लागली. नेपाळमध्ये मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का मारतात आणि मोजणी केंद्रावर होत नाही, पेट्या मोजणीच्या ठिकाणी नेतात. केनियात उलट, मोजणी त्याच रात्री त्याच केंद्रात होते. ईव्हीएमच्या सवयीच्या डोळ्यांना यातलं बरंच काही चुकीचं वाटेल. चूक ठरते ती त्या देशाच्या कायद्याने.

सामानात डोक्याला लावायचा टॉर्च, पॉवर बँक, दोन वह्या, पेनं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, नेहमीची औषधं दुप्पट, आणि दिवसभर पुरेल असं कोरडं खाणं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. मतदानाच्या दिवशी हॉटेलं बंद असू शकतात, आणि केंद्रावरचं जेवण घेणं बरं दिसत नाही.

तपासा : कपड्यांचे रंग. श्रीलंकेत हिरवा रंग युनायटेड नॅशनल पार्टीचा, निळा श्रीलंका फ्रीडम पार्टीचा. प्रत्येक देशाची अशी यादी काढा आणि ते रंग घरी ठेवा.

६. पोचल्यावर : जोडीदार, दुभाषा, चालक

राजधानीत एक-दोन दिवस माहिती-सत्र होतं, अधिकृत ओळखपत्र मिळतं, मग दोघा-दोघांच्या जोड्या करून जिल्ह्यांत पाठवतात. ओळखपत्राशिवाय एकाही केंद्रात पाऊल टाकू नका. जोडीदाराशी पहिल्याच संध्याकाळी ठरवून घ्या : निरीक्षणाचा फॉर्म कोण भरणार, वेळ कोण बघणार, केंद्राध्यक्षाशी कोण बोलणार.

दुभाषा स्थानिक असतो, त्याचंही मत असतं. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. जे बोललं गेलं तेच सांगायचं, अर्थ लावायचा नाही. आजूबाजूचं कुजबुजणंही ऐकू आलं तर हळूच सांगायचं. आणि आमच्या वतीने कुणाला सूचना द्यायची नाही. प्रश्न उघडे विचारा. ‘इथे दबाव आहे ना?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच दिलेलं असतं. ‘सकाळपासून इथे काय काय झालं?’ असं विचारा.

आदल्या दिवशी गाडीने सगळा मार्ग फिरून या. कच्च्या रस्त्याला किती वेळ लागतो, मोबाइल कुठे लागत नाही, पूल आहे की फेरी, हे उजेडात बघून ठेवलं तर रात्री अडत नाही. पण ‘उद्या आम्ही येणार’ असं केंद्रांना कळवू नका.

सावधान : मोहिमेच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ठरवलेल्या वेळी फोन किंवा संदेश करायचाच, मग केंद्रात काहीही चाललेलं असो. जमाव चिडलेला दिसला तर नोंद अर्धवट सोडून निघा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

७. मतदानाचा दिवस

सातला मतदान असेल तर साडेसहाला केंद्रात हजर. पेटी रिकामी दाखवतात तो क्षण पुन्हा येत नाही. सीलचे क्रमांक स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने उतरवा, कारण संध्याकाळी तेच ताडायचे आहेत. मिळालेल्या मतपत्रिकांची संख्या विचारून लिहा.

मग दिवसभर केंद्रामागून केंद्र. प्रत्येक ठिकाणी किमान अर्धा तास. दहा मिनिटांत सगळं नीटच दिसतं, कारण परदेशी पाहुणे आले की सगळे सावरून बसतात. पंधरा-वीस मिनिटांनी लोक तुम्हाला विसरतात, तेव्हा खरं निरीक्षण सुरू होतं. उभं राहायची जागा नीट निवडा : यादी, शाई आणि पेटी तिन्ही दिसतील, पण मतदाराची खूण दिसणार नाही, अशी.

नवे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते नोंदीत. ‘केंद्रात गोंधळ होता’ हे वाक्य कामाचं नाही. असं लिहा : ‘१०:२० ते १०:५५ थांबलो. रांगेत सुमारे ६० जण. मतदान कक्ष खिडकीला पाठ करून. बाहेरून दोघे आत डोकावताना दिसले. केंद्राध्यक्षांनी १०:४० ला त्यांना हटवलं. कक्ष हलवला नाही.’ यात तुमचं मत कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. कुणी सांगितलेली गोष्ट ‘सांगितलं’ म्हणून लिहा, पाहिलेली ‘पाहिलं’ म्हणून. शेकडो जोड्यांचे असे फॉर्म एकत्र करून मोहीम आपलं निवेदन लिहिते. दुपारी कंटाळून अंदाजाने भरलेला एक फॉर्मसुद्धा त्या आकड्यांत कायमचा मिसळतो.

गंभीर प्रकार दिसला, जसं की मतपत्रिकांचा गठ्ठा पेटीत जाताना, तर थांबा, बघा, वेळ लिहा आणि केंद्राबाहेर येऊन लगेच आपल्या समन्वयकाला कळवा. केंद्राध्यक्षाला ‘याबद्दल नियम काय आहे?’ असं विचारता येतं. ‘हे थांबवा’ म्हणता येत नाही. केंद्राच्या अधिकृत कागदावर सही मागितली तर नम्रपणे नाही म्हणा.

८. मोजणी आणि त्यानंतरची बेरीज

मतदान संपताना एका केंद्रात शिरा आणि मोजणी होईपर्यंत तिथेच राहा. मोजणी तिथे होणार नसेल तर पेट्यांच्या मागोमाग जा. सुरुवातीला हिशेब मांडा. ८०० मतपत्रिका आल्या, यादीत ५१२ खुणा, ३ खराब, २८५ शिल्लक : ५१२, ३ आणि २८५ मिळून ८००, जुळलं. आता पेटीतून ५१० निघाल्या तर दोन मतदार मतपत्रिका खिशात घालून गेले असतील, नोंद करा. ५१८ निघाल्या तर त्या सहा कुठून आल्या हा वेगळाच प्रश्न आहे. पुन्हा मोजतात का, काय कारण लिहितात, पक्षांचे प्रतिनिधी हरकत घेतात का, हे शब्दशः उतरवा. आपल्याकडे केंद्रावरच्या मतांचा हिशेब ज्यात भरतात त्या फॉर्म १७-सी सारखाच हा हिशेब आहे, ड्यूटी केलेल्या माणसाला तो पटकन कळतो. हीच आपली ताकद.

निकालाचा तक्ता भरून झाला की त्यातले आकडे वहीत घ्या, आणि तो केंद्राबाहेर लावला का ते बघा. कायद्याने परवानगी असेल तरच फोटो काढा.

आणि मग झोपायला जाऊ नका. रात्री दोनला अंग मोडून आलेलं असतं, पण तक्ते जिथे गोळा होतात आणि बेरीज होते तिथे जाणं हा कामाचाच भाग आहे. मलावीत २१ मे २०१९ ची अध्यक्षीय निवडणूक न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२० रोजी रद्द केली. निकालाच्या तक्त्यांवर मोठ्या प्रमाणात व्हाइटनर फिरवून आकडे बदललेले आढळले होते. केनियात १ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षीय निकाल रद्द केला, त्यातही मुख्य मुद्दा निकाल पुढे पाठवण्याच्या प्रक्रियेचा होता, आणि मतदानाच्या दिवसाबद्दल चांगलं बोललेल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षकांवर नंतर बरीच टीका झाली. केंद्रावरचे तुमच्या वहीतले आकडे बेरजेच्या ठिकाणी आलेल्या तक्त्याशी ताडून बघा. खाडाखोड दिसली तर शेजारी सही आहे का ते लिहा.

९. तोंड, फोन आणि परतीचा प्रवास

पत्रकार गाठतातच. ‘मी अमुक मोहिमेचा निरीक्षक आहे, आमचं निवेदन राजधानीतून येईल’ एवढंच बोला. प्राथमिक निवेदन बहुधा मतदानानंतर दोनेक दिवसांत येतं, अंतिम अहवाल काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तोवर व्हॉट्सॲपच्या गावाकडच्या ग्रुपवरसुद्धा ‘इथे सगळं छान झालं’ असं टाकू नका. ते वाक्य फिरत फिरत त्याच देशात परत जातं. केंद्रातले फोटो तर कधीच नाही. त्यात मतदारांचे चेहरे असतात, आणि आपण विमानात बसलो तरी ते तिथेच राहणार असतात.

निघण्याआधी राजधानीत पुन्हा बैठक होते. तिथे फॉर्ममध्ये न मावलेलं सांगा. ओळखपत्र, फोन, टॅबलेट परत करा. मोहिमेच्या नियमाप्रमाणे वह्याही द्याव्या लागत असतील तर द्या. सरकारी नोकरीत असाल तर परतल्यावर कार्यालयाला हजर झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात द्या.

मलेरियाच्या भागात जाऊन आला असाल आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी थांबू नका. डॉक्टरांना लक्षणांच्या आधी देशाचं नाव सांगा आणि रक्त तपासायला द्या.